तीळ असू शकतात

छत्तीस वर्षं मी टपालखात्यात काढली. त्यातली शेवटची अकरा आचऱ्याच्या पोस्टात, पोस्टमास्तर म्हणून. माझं नाव परशुराम, पण गावात सगळे मला मास्तर म्हणतात, आणि हल्लीच्या पोरांना वाटतं मी शाळेत शिकवायला होतो. टपालात राहून एक खोड अंगात मुरली ती मुरली. पत्ता अपुरा असला की माझं डोकं फिरतं. 'श्री. बाबली, मु. पो. आचरा' एवढंच लिहिलेलं पाकीट हातात आलं, की गावातले झाडून सगळे बाबली डोळ्यांसमोर उभे राहायचे, आणि त्यांतला हा नेमका कोणता ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक. मी लाल शाईने 'पत्ता अपुरा' असं लिहून पाकीट परत धाडायचो. माणसाने नीट लिहावं, दुसऱ्याला अंदाज करायला लावू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. पण पुढची कटकट किराणा दुकानाच्या फळीवर ओळीने मांडून ठेवली आहे, हे मला गेल्या वर्षी मे महिन्यात कळलं.

तेव्हा माझी नात भक्ती आठ दिवस राहायला आली होती. सहा वर्षांची. एका दुपारी ती आमच्याबरोबर जेवली, जेवून उठली आणि लगेच पायरीवर बसून तिने पाकिटातले दोन टोस्ट खाल्ले. थोड्या वेळाने घरात आली ती ओठ सुजवून. डोळे लाल, गळ्यावर गांधी उठलेल्या, आणि श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती. माझी बायको विमला देवाला हाका मारायला लागली आणि मी रिक्षाला. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन दिलं, तासाभरात पोर हसायला लागली. तो तासभर मात्र मी अजून विसरलेलो नाही. मुंबईला गेल्यावर तपासण्या झाल्या आणि कारण कळलं. तीळ. भक्तीला तीळ चालत नाहीत, तिळाचं तेल चालत नाही, तिळाचा चुरा लागलेला चमचासुद्धा चालत नाही.

ओठ सुजायच्या आधी तिने शेवटचं खाल्लं होतं ते टोस्ट. म्हणून टोस्ट गुन्हेगार ठरला. ते पाकीट मी उकिरड्यातून शोधून काढलं, पुसलं आणि भिंगाखाली धरलं. सगळं इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगतो. गव्हाचं पीठ, साखर, खाद्य वनस्पती तेल, मीठ, मंजूर पदार्थ आणि स्वाद. कोणत्या वनस्पतीचं तेल, ते नाही. वनस्पती आमच्या परसातही चाळीस प्रकारच्या आहेत. मंजूर पदार्थ कोणते, आणि कोणी मंजूर केले, तेही नाही. स्वाद कसला, तर 'नैसर्गिक आणि निसर्गासारखा'. मी अकरा वर्षं पोस्टमास्तरासारखा होतो असं लिहून दिलं असतं, तर सरकारने मला पेन्शन दिली असती का?

सून अपेक्षा मूळची ठाण्याची. चांगली मुलगी आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिच्याबद्दल कोणाचा गैरसमज नको. मुलाला, ओमकारला, नोकरीतून रजा मिळत नाही, तरी ती एकटी पोरीला घेऊन दर वर्षी येते. यंदा मार्चमध्ये तिचा फोन आला. म्हणाली, या वर्षीही येऊ आठ दिवस, पण घरात येणारी प्रत्येक वस्तू तुम्ही तपासायची. आईंना बारीक दिसत नाही, ओमकारला सगळ्यालाच 'काही होत नाही' वाटतं, म्हणून हे काम तुमचं. मग म्हणाली, "बाबा, पुन्हा तसं झालं तर ती मोठी होईपर्यंत मी तिला गावी नाही आणणार. मला ते परत नाही बघवणार."

मोठी होईपर्यंत म्हणजे किती वर्षं, ते मी विचारलं नाही. मी एकाहत्तर वर्षांचा आहे.

पाठोपाठ तिची यादी आली. चौतीस वस्तू, प्रत्येकीपुढे एक रिकामा चौकोन. तपासून झालं की चौकोनात बरोबरची खूण करायची आणि शेवटी सही. यादी बघून मला फार बरं वाटलं. एवढी शिस्त आमच्या विभागीय कार्यालयातसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून भिंग, वही आणि पेन घेऊन मी तिठ्यावरच्या बाबलीच्या दुकानात जायला लागलो. हा बाबली म्हणजे किराणावाला, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि स्वभावाने थंड. पहिले दोन दिवस त्याने मला बसायला स्टूल दिलं. तिसऱ्या दिवशी स्टूल दिसलं नाही. मी उभ्याने वाचायला लागलो.

रव्याच्या पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की यात गहू आहे. सांगितलंत, उपकार झाले. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं, 'यात शेंगदाणे, सोया, दूध, सुकामेवा व तीळ असू शकतात'. असू शकतात म्हणजे काय? रवा काढला तुम्ही, पाकीट भरलंत तुम्ही, आणि आत काय आहे ते तुम्हालाच माहीत नाही? मी पोस्टाच्या खिडकीत बसून 'तुमची मनिऑर्डर आलेली असू शकते' असं सांगितलं असतं तर लोकांनी मला समुद्रात बुडवलं असतं. शेवेच्या पुडीवर होतं 'मसाले व मिश्र मसाले'. आता मसाल्यांत मिश्र कोणते आणि ब्रह्मचारी कोणते, ते कंपनीच जाणे. एका चटणीच्या पाकिटावर तारखेच्या जागी लिहिलं होतं, पाकिटाच्या मागे पाहा. मागे लिहिलं होतं, वरच्या कडेला पाहा. वरची कडा माळेतून पुडी तोडताना बाबलीकडेच राहिली होती.

बिस्किटांनी तर कहर केला. कारखान्यांचे पाच पत्ते दिले होते, पाच वेगवेगळ्या राज्यांतले, आणि खाली सूचना होती की यांतला आपला कोणता ते बॅच क्रमांकाच्या पहिल्या अक्षरावरून ओळखा. ते पहिलं अक्षर नेमकं चिकटवलेल्या घडीत गेलं होतं. पाच पत्ते लिहून 'यांतला खरा तुमचा तुम्ही ओळखा' असं पत्र माझ्याकडे आलं असतं तर मी पाठवणाऱ्याच्या घरी जाऊन त्याची तब्येत विचारली असती. मी घडी उघडायला गेलो तर पाकीट फाटलं आणि दोन बिस्किटं जमिनीवर पडली.

बाबलीने ती उचलली, फुंकर मारली आणि बाजूला ठेवली. "मास्तरानू," तो म्हणाला, "ह्या खावचा आसता. वाचूचा नसता."

मग त्यानेच मला वाट दाखवली. सुटं सामान न्या, म्हणाला. सुट्या सामानाला लेबलच नाही, म्हणजे डोक्याला तापच नाही. मला क्षणभर ते पटलंसुद्धा. पोहे द्या म्हटलं. त्याने शेजारच्या पोत्यात खुपसलेलं पत्र्याचं माप उपसलं, त्यातलं जे होतं ते परत पोत्यात झटकलं आणि त्याच मापाने पोहे भरायला लागला. ते शेजारचं पोतं तिळाचं होतं. मी पिशवीची घडी केली आणि घरी आलो.

पाकिटांवर फोन नंबर असतात. विनाशुल्क. मी सात कंपन्यांना फोन केले. प्रत्येक ठिकाणी एक मुलगी गोड आवाजात माझं नाव विचारायची, जन्मतारीख विचारायची, आणि माझा प्रश्न ऐकून घेऊन म्हणायची की सर, घटक पदार्थ पाकिटावर दिलेले आहेत. मी म्हणायचो, पाकिटावर 'खाद्य वनस्पती तेल' आहे, ती वनस्पती कोणती? ती म्हणायची, सर, खाद्य वनस्पती. मग तक्रार क्रमांक मिळायचा. माझ्याकडे चौदा आकडी सात तक्रार क्रमांक आहेत, वहीत नीट लिहून ठेवलेले. त्यांचं पुढे काय करायचं ते कोणी सांगितलेलं नाही.

टोस्टवाल्यांशी मात्र माझी लढाई वर्षभर चालू होती. त्यांना मी नऊ पत्रं लिहिली, सगळी रजिस्टर, पोचपावतीसह. पोचपावत्या परत यायच्या, त्यांवर कोणीतरी एकच आडवी रेघ मारून सही केलेली, बहुतेक गेटवरच्या वॉचमनने. एप्रिलमध्ये त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. आमच्या टोस्टमध्ये पामतेल वापरलं जातं, तीळ किंवा तिळाचं तेल वापरलं जात नाही. त्यावर माझा काडीचाही विश्वास बसला नाही. पामतेल आहे तर पाकिटावर तसं छापायला काय झालं होतं? सारवासारव, दुसरं काय. मी त्यांना तसं दहावं पत्र लिहिलं आणि त्यात माझ्या नातीच्या सुजलेल्या ओठांचं सविस्तर वर्णन केलं.

शेवटी हात टेकले. एके सकाळी विमलाला सांगितलं की भक्ती येईल त्या आठ दिवसांत घरात एकही पाकीट नको. विमलाला हेच हवं होतं. तिचं मत पहिल्यापासून तेच, घरचं खाऊ दे, घरच्याने कोणाला काही होत नाही. तांदूळ आमचे, नारळ आमचे, कोकमं आमची. खोबरेल परसातल्या नारळांचं. कुळीथ तिने स्वतः निवडले. मीठसुद्धा तिने मिठागरावरचं जाडं मागवलं, का ते मी विचारलं नाही. मी अपेक्षाची यादी घेऊन स्वयंपाकघरात बसलो आणि एकेका चौकोनात खूण करत गेलो. पोस्टाचा शिक्का मारताना यायचं तसं समाधान येत होतं.

शेवटचा चौकोन होता, 'घरचा मसाला, त्यात तीळ नाहीत ना?'

मसाला आमच्या घरात होत नाही. तो विमलाच्या माहेराहून, कुणकेश्वरहून येतो. लग्न झालं त्या वर्षी तिच्या आईने डबा पाठवला होता. आई गेल्यावर भावाची बायको, सावित्रीवहिनी, पाठवायला लागली. दर एप्रिलला मिरच्या वाळतात, मसाला कुटला जातो आणि पितळेचा एक डबा आमच्याकडे येतो. रिकामा डबा आम्ही आंबे घालून परत पाठवतो. चव्वेचाळीस वर्षं हे चाललंय. विमलाच्या दृष्टीने तो मसाला नाही, तिचं माहेर अजून शाबूत असल्याचा दाखला आहे.

मी तिला म्हटलं, वहिनींना एक फोन करून विचार, त्यात काय काय घालतात.

तिने हातातली सुरी खाली ठेवली. "मसाल्यात तीळ कोण घालता? आणि म्हायारच्या डब्याची मी चौकशी करू? वयनी काय म्हणात? म्हणात, चव्वेचाळीस वर्सां खाल्ल्यान आणि आता इचारता."

ते खरंच होतं. माहेरहून आलेल्या वस्तूत काय आहे असं विचारणं म्हणजे संशय घेणं, आणि त्या एका फोनवरून पुढचे दोन गणपती अबोल्यात गेले असते. कंपनीच्या मुलीला मी पाच-पाच वेळा तोच प्रश्न विचारला, पण वहिनींना एकदा विचारायचं माझ्याच्याने झालं नाही. विमला ठामपणे सांगतेय म्हणजे नसणार, असं मी स्वतःशी म्हटलं. चौकोनात खूण केली. खाली सही ठोकली, तारीख घातली आणि यादीचा फोटो अपेक्षाला पाठवला. तिचा निरोप आला, 'थँक्यू बाबा, आता काळजी मिटली.'

सात मेला दोघी आल्या. भक्ती आता सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आणि वाचायला शिकल्यामुळे दिसेल ते मोठ्याने वाचत सुटलेली. रिक्षातून उतरायच्या आधी तिने तिठ्यावरच्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या होत्या. पहिले दोन दिवस तिने पेज खाल्ली, घावणे खाल्ले, आंबे खाल्ले आणि परत आंबे खाल्ले. तिखट सोसत नाही म्हणून तिची आमटी विमला वेगळी करायची, बिनमसाल्याची. माझा जीव हळूहळू भांड्यात पडत होता. संध्याकाळी ती माझ्याशेजारी पायरीवर बसून माझ्या वहीतले तक्रार क्रमांक वाचायची आणि मी तिला चुकलेला आकडा सांगायचो. वर्षभरात मला एवढं सुख झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुरमई होती. भक्ती म्हणाली, मी आता मोठी झाले, मला तुमच्यासारखी लाल तुकडी हवी. विमलाला कोण आनंद झाला. तिने काटे काढून एक तळलेली तुकडी तिच्या पानात वाढली. भक्तीने ती फू फू करत, डोळ्यांतून पाणी काढत, हट्टाने सगळी संपवली, आणि आम्ही तिघांनी तिचं कौतुक केलं.

अर्ध्या तासाने ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, माझी जीभ जाड झालीय."

पुढचं सांगवत नाही. अपेक्षाकडे औषध तयार होतं, ते तिने लगेच दिलं. रिक्षा, दवाखाना, इंजेक्शन, सगळं गेल्या वर्षीसारखंच, दवाखान्यातली खाटसुद्धा तीच. डॉक्टरांनी दोन तास ठेवून घेतलं आणि म्हणाले, वेळेवर आणलंत. मी बाहेर बाकावर बसून खात्यातली माझी सगळी वर्षं आठवत होतो. एवढ्या वर्षांत माझ्या सहीने एकही चुकीची वस्तू पुढे गेली नव्हती.

चारच्या सुमाराला घरी आलो. भक्ती झोपली. अपेक्षा स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फोनमधली यादी उघडली आणि एकेक नाव वाचायला लागली, आणि मी एकेक डबा पुढे ठेवत गेलो. सुरमई. मीठ. हळद. कोकम. तांदळाचं पीठ. खोबरेल. मग ती म्हणाली, मसाला.

मी पितळेचा डबा पुढे ठेवला. तिने विचारलं, आई, यात काय काय आहे?

"मसालो," विमला म्हणाली.

"मसाल्यात काय असतं पण?"

कोणाला न विचारता विमलाने आपला फोन घेतला आणि कुणकेश्वरला लावला. तिला कानाला धरून नीट ऐकू येत नाही म्हणून तो नेहमी मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळे सगळं आम्हालाही ऐकू आलं. तिने आडवळणाने सुरुवात केली, आंब्यांची चौकशी केली, वहिनींच्या गुडघ्याची केली, आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, यंदाचो मसालो बरो जालो, काय काय घातलंस गो?

"घालतत ता सगळा," वहिनी म्हणाल्या.

हे उत्तर मी कुठेतरी ऐकलेलं होतं. सात वेळा.

विमलाने नेट लावून परत विचारलं. वहिनींनी नावं घ्यायला सुरुवात केली. मिरच्या, धणे, बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, खसखस, जायपत्री, हळकुंडं. सतरा नावं झाली. त्यांत तीळ नव्हते. विमलाने विचारलं, आणि तीळ?

"ते काय, मूठभर," वहिनी म्हणाल्या. "तुझी आवस घालीत होती तेवडेच. त्येंचा काय सांगूचा?"

त्यानंतर त्या गुडघ्याबद्दल बोलत राहिल्या. विमलाने फोन बंद केला नाही, नुसता ओट्यावर ठेवून दिला, आणि तिथेच पाटावर बसली. चव्वेचाळीस वर्षं तिच्या हाताखालून गेलेला डबा होता तो. तिने डब्यावर झाकण ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसून राहिली.

मग मला गेल्या वर्षीची दुपार आठवली. टोस्टच्या आधी पोर जेवून उठली होती. त्या दिवशी जेवायला काय होतं, तिला कोणत्या पळीने वाढलं, हे वर्षभरात कोणी कोणाला विचारलं नव्हतं. टोस्टवाल्यांचं दोन ओळींचं उत्तर माझ्या कपाटात होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

अपेक्षा यादी बंद करून म्हणाली, "बाबा, तुम्ही फोनवर सांगितलंत त्या रव्यावर निदान 'असू शकतात' असं तरी लिहिलं होतं."

तिने टोमणा मारला नव्हता. ती नुसतं जे होतं ते सांगत होती. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं.

आठ दिवसांचं राहणं पाच दिवसांवर आलं. ओमकारने तिकिटं बदलून दिली. जायच्या दिवशी सकाळी विमलाने नेहमीप्रमाणे पिशव्या भरायला घेतल्या. मुंबईला जाणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवणं तिला जमत नाही. कुळथाचं पीठ, वड्यांचं पीठ, आंब्याची साटं, पापड, कोकमं, काजू, लोणचं. अकरा पिशव्या आणि बरण्या झाल्या. मग ती माझ्यासमोर कागदाच्या पट्ट्या आणि खळ घेऊन आली. "तुमचा अक्षर बरा आसा," म्हणाली. "हेंच्यात काय काय आसा ता सगळा लिवा. म्हंजे तिका भिया नको."

मी पट्टी पुढे ओढली आणि लिहिलं, 'कुळथाचं पीठ. घटक: कुळीथ.' एवढं पूर्ण, एवढं स्वच्छ लेबल मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. मग पेन थांबलं. मी विमलाला विचारलं, गिरणीत आपल्या आधी कोणाचं दळण होतं?

तिला माहीत नव्हतं. कोणाला माहीत असणार? गिरणीत आधीच्याचं थोडं आपल्यात येतं आणि आपलं थोडं पुढच्याला जातं, हे सगळं गाव जाणतं आणि कोणी त्याचं काही वाटून घेत नाही. साटं ज्या चादरीवर वाळवली तिच्यावर आधी काय होतं? तिला आठवेना. पापडाचं पीठ शेजारणीच्या परातीत मळलं होतं, आणि लोणच्यात वहिनींच्या मसाल्याचा चमचा होता की नव्हता, यावर ती दोनदा हो म्हणाली आणि एकदा नाही.

मी तिच्याकडे बघितलं, पेन टेकवलं आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'तीळ असू शकतात'. मग दुसऱ्या पट्टीवर लिहिलं. मग तिसऱ्या. कोकमांवर लिहिताना लाज वाटली, पण तीही त्याच चादरीवर वाळली होती. मला त्या क्षणी कुठल्यातरी परराज्यातल्या कारखान्यात बसलेला, रव्याच्या पाकिटाचा मजकूर लिहिणारा कोणी कारकून आठवला. इतके महिने मी त्याला मनातल्या मनात लबाड म्हणत होतो. त्यालाही माहीत नसेल, एवढंच.

भक्ती उठून आली आणि पिशव्यांच्या रांगेसमोर उकिडवी बसली. बोट ठेवून एकेक वाचत गेली. तीळ असू शकतात. तीळ असू शकतात. तीळ असू शकतात. अकरावी बरणी झाल्यावर तिने मान वर केली.

"आजोबा, तुम्हाला नक्की माहीत नाही?"

"नाही गं," मी म्हटलं.

अपेक्षाने सगळ्या पिशव्या बघितल्या. वाचल्या. विमलाला जवळ घेतलं आणि काहीच नेता येणार नाही म्हणून माफी मागितली. आंब्यांची पेटी तेवढी नेली, कारण आंब्याला झाडानेच पाकीट घातलेलं होतं. अकरा पिशव्या ओटीवरच राहिल्या, अपुऱ्या पत्त्याची पत्रं परत यावीत तशा.

कणकवलीला जायची रिक्षा आली. भक्ती आत बसून रिक्षाच्या काचेवरचं काहीबाही वाचायला लागली होती. मी अपेक्षाची बॅग आत ठेवली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मी सगळं आधीपासून बघेन, मसाला नवा करू, गिरणसुद्धा घरात घेऊ छोटी.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी बघू, बाबा," ती म्हणाली.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी फाटकाशी उभा होतो. पुढच्या वर्षी बघू. एवढंच लेबल. आत काय आहे, किती आहे, कधीपर्यंतचं आहे, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. जन्मभर मी लोकांना खोदून खोदून विचारत आलो की बाबांनो, नक्की काय ते सांगा. तिला विचारलं असतं तर तिने नक्की काय ते सांगितलं असतं, खोटं बोलायची तिला सवय नाही. म्हणूनच मी विचारलं नाही.